गोठणगावचे तिबेटी काका

दिवाळी आटोपली आणि सकाळच्या वेळी अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की आमच्या नागपुरात रस्त्याच्या कडेला बांबू आणि ताडपत्रीची दुकाने उभी राहत. दोरीवर ओळीने स्वेटर टांगलेले, खाली पाटावर मफलर, माकडटोप्या आणि हातमोजे. मागे बसलेल्या बायकांच्या कमरेला रंगीत आडव्या पट्ट्यांचे कापड बांधलेले असे. आम्ही इंदोऱ्याची मुले त्यांना खुशाल 'नेपाळी' म्हणायचो. ते नेपाळी नाहीत, तिबेटी आहेत आणि हौसेने नव्हे तर देश गमावून इथे आले आहेत, हे मला १९८२ सालच्या हिवाळ्यात कळले. तेही एका स्वेटरमुळे.

माझी शाळा सकाळची. मी आणि धाकटा भाऊ कुडकुडत जायचो. माझे बाबा कापडगिरणीत कामाला होते. पगाराला आठ-दहा दिवस असताना ते आम्हा दोघांना घेऊन स्वेटरच्या दुकानावर गेले. दोन स्वेटर पसंत पडले आणि पैसे एकाचेच निघाले. बाबांनी एक स्वेटर परत ठेवला. दुकानातल्या माणसाने तो उचलून माझ्या हातात दिला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "पगार होगा तब देना." नाव लिहून घेतले नाही, पत्ता विचारला नाही. घरी येताना बाबा वाटेत दोनदा म्हणाले, "आपल्या गल्लीतला किराणावाला नाव लिहिल्याशिवाय चहापत्ती देत नाही, आणि या माणसाने मला ओळख ना पाळख!"

पगार झाला त्याच संध्याकाळी बाबा पैसे द्यायला गेले आणि येताना त्या माणसाला चहाला घेऊन आले. सोबत त्याची आठ वर्षांची मुलगी होती. आमच्या एका खोलीच्या घरात भिंतीवर तथागताची तसबीर आणि शेजारी बाबासाहेबांची. तो माणूस दारातच थांबला. चपला काढल्या, हात जोडून मस्तकाला, गळ्याला आणि छातीला लावले आणि वाकून वंदन केले. मग कोटातल्या माणसाकडे बोट करून विचारले, "ये कौन?" बाबांनी त्यांना जमेल तसे सांगितले. १९५६ साली याच नागपुरात आम्हाला धम्म कोणी दिला ते सांगितले. बाबासाहेबांनी १९५४ साली राज्यसभेत तिबेटच्या प्रश्नावर सरकारच्या चीन-धोरणाला कसे फटकारले तेही सांगितले. हे ऐकल्यावर तो माणूस बराच वेळ गप्प राहिला. मग उठून बाबासाहेबांच्या तसबिरीलाही त्याने तसेच तीन ठिकाणी हात लावून वंदन केले.

त्या दिवसापासून ते आमचे काका झाले.

दर हिवाळ्यात काका यायचे. बाबा आणि ते वादही घालायचे. काका लामांचे, पुनर्जन्माचे, तुपाच्या दिव्यांचे बोलत. बाबा बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवीत आणि म्हणत, "तुमचा बुद्ध लई मंतर म्हणतो बुवा!" काका हसत आणि चहाचा कप पुढे करत. त्यांची मुलगी मला ताई म्हणू लागली. बाबा गेले तेव्हा काका पुण्यानुमोदनाला आले होते. पुढे मी नोकरी-संसारात गुंतले. २०२२ साली तिचा फोन आला, "ताई, पाला गेले." तिबेटीत वडिलांना 'पाला' म्हणतात. काका चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. मला त्या वेळी जाता आले नाही. ती रुखरुख मनात होती. गेल्या फेब्रुवारीत मी निघाले.

नागपूरहून भंडारा, वैनगंगेचा पूल, लाखनी, साकोली, आणि पुढे कोहमाऱ्याला हमरस्ता सोडून दक्षिणेकडे वळायचे. हा आपला झाडीपट्टीचा मुलूख. पूर्वी सगळा भंडारा जिल्हा होता, १९९९ साली गोंदिया वेगळा झाला. धान कापून झालेल्या बांध्या, मधूनच मामा तलाव, आणि मग नवेगावबांधचे जंगल आणि तो अफाट जलाशय. तिथून पुढे गोठणगाव आणि प्रतापगडचा डोंगर. महाशिवरात्रीला प्रतापगडला मोठी जत्रा भरते आणि तिथेच दर्गाही आहे. जवळच इटियाडोहचे धरण. या धानाच्या आणि मोहाच्या मुलखात एकाएकी झाडांमधून पाच रंगांच्या पताका फडफडताना दिसतात. पुढे गोम्पाचे सोनेरी छत. एसटीचा कंडक्टर पुकारतो, "तिबेटी कॅम्प!" वसाहतीचे खरे नाव नोर्ग्येलिंग. महाराष्ट्रातली ही तिबेटी निर्वासितांची शेती-वसाहत १९७२ साली वसली.

मैत्रीण फाट्यावर उभी होती. केस पिकलेले, कमरेला तेच पट्ट्यांचे कापड. माझा हात धरून म्हणाली, "तू काहून एवढ्या दिवसानं आली, ताई?" तिचे मराठी आमच्या नागपुरापेक्षाही गोड, झाडीचे. लोसर म्हणजे त्यांचे नवे वर्ष जवळ आले होते. स्वेटरचा धंदा आटोपून माणसे घरोघर परतली होती आणि गल्लीगल्लीत तळणाचा वास सुटला होता.

काकांचे घर म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी, मागे सांदवाडी. आत तथागतासमोर पाण्याच्या सात वाट्या मांडलेल्या, बाजूला दलाई लामांचा फोटो. खाली एका कोपऱ्यात बाबासाहेबांची लहानशी तसबीर. ती माझ्या बाबांनी दिलेली. मला एकदम भरून आले. मीठ-लोण्याचा चहा घेत आम्ही बसलो आणि काकांची गोष्ट निघाली. थोडी त्यांच्याच तोंडून लहानपणी ऐकलेली होती, थोडी तिने आता सांगितली.

काका ल्हासाच्या दक्षिणेकडच्या ल्होखा भागातले. घरी सातूची शेती आणि याक. मार्च १९५९ मध्ये ल्हासात चिनी लष्कराविरुद्ध उठाव झाला, दलाई लामांना रात्रीतून राजधानी सोडावी लागली आणि ३१ मार्चला ते तवांगकडून भारताच्या हद्दीत आले. त्यांच्या मागोमाग जी माणसे निघाली, त्यांची संख्या पुढे ऐंशी हजारांच्या घरात गेली. त्यांत एकवीस वर्षांचे काका होते. आईवडील मागेच राहिले. महिना-दोन महिन्यांत परत येऊ, असे सांगून ते निघाले होते. पुढे आईवडिलांची भेट झाली नाही.

आसामात तेजपूरजवळ मिसामारी येथे बांबूच्या झोपड्यांची छावणी होती. बर्फाच्या मुलखातली माणसे, अंगावर लोकरीचे कपडे, आणि वर आसामचा उन्हाळा. कोणी तापाने गेले, कोणी पोटाच्या विकाराने. वाचलेल्यांना सरकारने हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर पाठवले. काका हिमाचलात खडी फोडायला गेले. ज्या डोंगरातून आपण पळून आलो, त्याच डोंगरात दिवसभर हातोडा चालवायचा आणि रात्री तंबूत झोपायचे, अशी बारा वर्षे गेली. तिथेच लग्न झाले, तिथेच पहिले मूल झाले आणि तिथेच ते गेले.

वसाहती मात्र आधीच सुरू झाल्या होत्या. पहिली १९६० साली म्हैसूर राज्यात बैलकुप्प्याला, मग मैनपाट, मग मुंडगोड. १९७२ साली काकांचे नाव गोठणगावच्या यादीत आले. ते वर्ष आपल्या महाराष्ट्राच्या आठवणीत दुष्काळाचे. सरकारने जमीन दिली ती भाडेपट्ट्याने, मालकीची नव्हे. घरटी थोडी शेती मिळाली. पण ज्याने जन्मात सातूशिवाय काही पेरले नाही, त्याने धान कसे करायचे?

"पाला चिखलात उभे राहायलाच भ्यायचे," मैत्रीण म्हणाली. पहिल्या रोवण्याच्या वेळी त्यांनी पऱ्ह्यांची मूठच्या मूठ खोल दाबली आणि चार दिवसांत सगळी कुजली. बांधावरून शेजारच्या गावच्या बाया बघत होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांतली एक म्हातारी मजूर बाई, आपल्याच समाजाची, लुगडे खोचून बांधीत उतरली. भाषा येत नव्हती. तिने काकांचा हात धरून दाखवले: दोनतीन काड्या घे, अंगठ्याने हलके दाब, आणि मागे मागे सरक. काका तिला 'आमा' म्हणू लागले, म्हणजे आई. ती 'जयभीम' म्हणायची, काका 'ताशी देलेक' म्हणायचे. तिच्या शेवटच्या आजारपणात काका रोज तिच्या घरी भाताची पेज घेऊन जात होते, असे मैत्रिणीने सांगितले.

शेती पावसावर. एका पिकावर वर्ष निघत नसे. म्हणून हिवाळ्यात स्वेटर विकायला बाहेर पडायचे. त्यासाठी भांडवल कुठून येणार? लुधियानाचे व्यापारी तिबेट्यांना उधारीवर माल देत. मोसम संपला की तिबेटी माणूस पैसे चुकते करी. एकाने बुडवले तर सगळ्यांची पत जाणार, हे वसाहतीतले लहान मूलही जाणून होते. मला त्या क्षणी आमचा १९८२ सालचा स्वेटर आठवला. काकांनी बाबांना नाव न विचारता उधारी दिली, कारण ते स्वतःच दर वर्षी दुसऱ्याच्या उधारीवर उभे राहत होते. उधारीचा मान काय असतो, ते त्यांना ठाऊक होते. देश गेला, जमीन गेली, आईबाप गेले. जवळ उरला तो शब्द, आणि त्याच शब्दावर त्यांनी घर पुन्हा उभे केले.

पण हे घर बरीच वर्षे घर नव्हतेच, असे ती म्हणाली. माळ्यावर किरमिजी कापडाचे एक गाठोडे असे. त्यात लोकरीचा जाड छुबा आणि बूट. गोंदियाच्या उन्हाळ्यात त्याचा काय उपयोग? पण काका दर वर्षी ते उन्हात घालीत, झटकीत आणि परत बांधून ठेवीत. परत जायचे आहे ना! सांदवाडीत ते वांगी लावीत, मिरच्या लावीत, मका लावीत. एका हंगामात हाती येईल तेवढेच. शेजारचा एक शेतकरी आंब्याची रोपे द्यायला आला तर काकांनी नको म्हटले. आंबा फळायला पाच-सहा वर्षे लागतात, तोवर आपण इथे कशाला राहतो?

१९८६ च्या पावसाळ्यात मैत्रिणीची आई हिवतापाने आजारी पडली. बैलगाडीतून नेता नेता उशीर झाला. आई इथल्याच मातीत गेली. एकोणपन्नास दिवसांचे विधी संपले आणि दुसऱ्या दिवशी काका त्या शेतकऱ्याकडे गेले. आंब्याची दोन रोपे आणली, सांदवाडीत खड्डे खणले आणि लावली. मुलीने विचारले, "पाला, आपण जायचे नाही का आता?" काका म्हणाले, "जायचंय. पण तुझी आई इथे आहे." चार वर्षांनी त्यांनी कुडाची भिंत पाडून विटांची बांधली. गाठोडे माळ्यावर राहिले, पण दर वर्षी उन्हात घालणे हळूहळू बंद झाले.

त्यांतले एक झाड उन्हाळ्यात वाळले. दुसरे आम्ही बसलो होतो तिथून खिडकीतून दिसत होते. मोहोराने लदलेले.

मी सहज विचारले, "आता तू एकटीच का इथे?" तेव्हा तिने मनातले काढले. तिचा मुलगा बंगळूरला काम करतो. त्याला पुढे शिकायला परदेशी जायचे आहे. त्यासाठी पासपोर्ट हवा, आणि पासपोर्टसाठी नागरिकत्व. काका परदेशी म्हणून नोंदलेले. त्यांच्याजवळ नोंदणीचे पुस्तक होते, ते मुदतीप्रमाणे पोलिसांच्या कचेरीत जाऊन नवे करून आणावे लागे. त्या पुस्तकात ते साठ वर्षे परदेशीच राहिले. मैत्रिणीचे मात्र तसे नाही. ती १९७४ साली इथे, महाराष्ट्रात जन्मली. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारताच्या भूमीवर जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय, असे आपला कायदा सांगतो. तिबेट्यांनाही हे लागू आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली मान्य केले. मुलगा २००१ सालचा. त्या काळात जन्मलेल्याला आई किंवा वडील भारतीय असतील तरच जन्माने नागरिकत्व. तिचा नवरा तिबेटातून आलेला. म्हणजे मुलाचा सगळा हक्क आईच्या कागदावर.

"मग काढून घे ना कागद," मी म्हटले. मला ते किती सोपे वाटले!

तिने चहाचा कप खाली ठेवला. २०१७ साली तिबेट्यांना पासपोर्ट द्यायची वाट मोकळी झाली, पण तिच्यासोबत अटी आल्या. निर्वासित म्हणून असलेली कागदपत्रे परत करायची, तिबेटी प्रशासनाकडून मिळणारे लाभ सोडायचे आणि निर्वासितांच्या वसाहतीत राहायचे नाही. म्हणजे भारताची नागरिक व्हायचे असेल तर हे घर सोडायचे. बापाने चिखलात उतरून, उधारीवर स्वेटर विकून, वीट वीट जोडून उभे केलेले घर. जमीन पट्ट्याची, ती विकताही येत नाही आणि बांधून नेताही येत नाही.

"तुझ्या बाबांनी काय सांगितलं होतं?" मी विचारले.

तिने मला २०१४ सालची गोष्ट सांगितली. १९५० ते १९८७ या काळात इथे जन्मलेल्या तिबेट्यांची नावे मतदार यादीत घ्या, असा आदेश निवडणूक आयोगाने दिला होता. वसाहतीत दोन मते पडली. कोणी म्हणाले, मत दिले तर तिबेटवरचा आपला दावा ढिला पडेल. कोणी म्हणाले, घ्यावे. ती घाबरली होती. काका तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले. एप्रिलच्या उन्हात काठी टेकत ते तिच्याबरोबर मतदान केंद्रापर्यंत चालत गेले. स्वतःला आत जायची परवानगी नव्हती, म्हणून बाहेर झाडाखाली बसून राहिले. ती बोटाला शाई लावून आली तेव्हा त्यांनी तिचे बोट हातात धरून नीट पाहिले. म्हणाले, "नागपूरवाले भाऊ सांगायचे. त्यांच्या आजाला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, आणि त्यांच्या बापाला मत मिळालं. कोटवाल्या साहेबांनी मिळवून दिलं. मत म्हणजे लहान गोष्ट नाही."

ते 'नागपूरवाले भाऊ' म्हणजे माझे बाबा. चाळीस वर्षांपूर्वी एका खोलीत चहा पिताना झालेले बोलणे काकांनी इतके जपून ठेवले होते. मी डोळे पुसले.

"आणि घराचं?" मी पुन्हा विचारले.

"आजारी होते तेव्हा विचारलं मी. म्हणाले, मी देश सोडला तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. तुला विचारून राहिले ना, मग तू विचार करून सांग. माझ्याकडे बघून सांगू नको."

वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या बापांनी गाव सोडले. कोणी जातीच्या जाचाने, कोणी भुकेने. शहराच्या झोपडपट्टीत पत्रा टाकला, मुलांना शाळेत घातले. ते आपल्याच देशात निर्वासित होते, असे म्हटले तर खोटे होणार नाही. तरी एक फरक मला त्या पडवीत बसून कळला. माझ्या बाबांनी काहीही सोसले असेल, पण या देशाचे नागरिक आहोत हे त्यांना कोणाला पटवून द्यावे लागले नाही. संविधानाने ते आधीच लिहून ठेवले होते. काकांनी तेवढेच कष्ट केले, तेवढ्याच मुली शिकवल्या, तेवढ्याच उधाऱ्या फेडल्या, आणि तरी मुलीला आज बापाचे घर आणि मुलाचे भविष्य यांतून एक निवडायला सांगितले जाते. ज्या कागदाची किंमत आपल्याला कधी जाणवत नाही, त्याची किंमत गोठणगावला जाऊन कळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोम्पात गेलो. काकांच्या नावाने तिने दिवा लावला. मी शेजारी बसून त्रिसरण-पंचशील म्हटले. तिथल्या एका वृद्ध भिक्खूंनी ते डोळे मिटून ऐकले आणि शेवटी हात जोडले. परतताना तिने सांदवाडीत नेले. झाडाखाली मोहोराचा सडा पडला होता. बुंध्याभोवतीचे आळे नुकतेच उकरून त्यात शेणखत घातलेले दिसत होते.

फाट्यावर एसटी आली. तिने माझ्या गळ्यात पांढरा रेशमी खाता घातला आणि म्हणाली, "ताई, जेठात ये. पाड लागते तेव्हा. पाला पहिला आंबा तुमच्या घरी पाठवायचे, आठवते ना?"

आठवत होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती आलेले ते लहान, तंतूचे, गोड आंबे.

"तू असशील ना पण इथे?" मी विचारले.

ती हसली. "तू ये तर खरी," म्हणाली.